रिंगस्टेडची दुसरी राणी

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातल्या आमच्या घराची एक भिंत इंगरआजीच्या घराचीही होती. म्हणजे घर मुळात एकच, मधोमध भिंत घालून दोन केलेलं. डावीकडे आम्ही, उजवीकडे ती. भिंत इतकी पातळ की तिच्याकडे किटली शिट्टी द्यायला लागली की आमच्या स्वयंपाकघरात आई म्हणायची, "चार वाजले वाटतं." आई गेल्यावर हे म्हणणारं कोणी राहिलं नाही, पण किटली रोज चारलाच वाजत राहिली, आणि शाळेच्या बसमधून उतरल्यावर मी आमचं कुलूप उघडायचं सोडून तिची बेल वाजवायला लागले. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. बाबा युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये होते आणि साडेसहाच्या आत कधी यायचे नाहीत. मला एकटीला त्या घरात बसवायचं नाही. घर गरम करणारी भट्टी तळघरात अचानक चालू झाली की जाळ्यांतून जो आवाज येतो, तो मला आईच्या शेवटच्या दिवसांतल्या श्वासासारखा वाटायचा. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं.

इंगरआजी डेन्मार्कची. तिचा नवरा इथेच मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर काम करून गेला होता, मूलबाळ नव्हतं. इथले सगळे तिला नुसतं इंगर म्हणायचे, पण आईने मला ते करू दिलं नव्हतं. आधी 'मिसेस'ही नको, 'इंगर'ही नको असा घोळ झाला आणि मग 'इंगरआजी' ठरलं. आजी म्हणजे काय हे कळल्यावर ती खूश झाली, पण शेवटपर्यंत तिला 'आयी' असंच म्हणता यायचं. तिच्या टेबलावर मला राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा पातळ तुकडा, त्यावर दातांचा ठसा उमटेल इतकं जाड लोणी आणि चीज मिळायचं. नाताळच्या आधी ती पिठात वेलची कुटून घालायची. पहिल्या वर्षी तो वास आला आणि मी पावाचा तुकडा हातात धरून भोकाड पसरलं, कारण वेलची मला फक्त आईच्या हातांना येणारा वास म्हणून माहीत होती. इंगरआजीने उठून खिडकी उघडली, थंडगार वारा आत येऊ दिला, आणि मी थांबल्यावर परत लावली.

ती ज्या गावची, ते रिंगस्टेड. एका बेटाच्या मधोमध वसलेलं, समुद्र कुठूनच न दिसणारं. तिचे वडील तिथल्या नगरपालिकेत माळी होते. चौकातली झाडं आणि चर्चभोवतीचं गवत त्यांच्याकडे होतं, त्यामुळे चर्चचं आवार म्हणजे या मुलीचं अंगणच. तिच्याकडे त्या चर्चचं एक मोठं चित्रांचं पुस्तक होतं. लाल विटांचं, जाडजूड भिंतींचं, कित्येक शतकांपूर्वीचं ते देऊळ. मी त्याला देऊळच म्हणायचे. आत कमानींवर रंगवलेली चित्रं, आणि वेदीसमोर जमिनीतच ओळीने बसवलेल्या दगडी शिळा. प्रत्येक शिळेखाली एक राजा किंवा राणी. वेदीकडे जायचं तर लोकांना त्यांच्यावरूनच चालत जावं लागतं, हे मला पहिल्यांदा ऐकताना फार विचित्र वाटलं.

"पाय लागला तर पाप नाही लागत?" मी विचारलं.

"लागत असेल तर आमच्या अख्ख्या गावाला लागलंय," ती म्हणाली.

त्या ओळीत एक राजा होता आणि त्याच्या दोन बाजूंना त्याच्या दोन राण्या. दोघी परदेशातून आलेल्या. पहिली आली आणि लोकांच्या गळ्यातला ताईत झाली. म्हणे तिने आल्या आल्या राजाकडे स्वतःसाठी काही मागितलं नाही, गरिबांसाठी मागितलं. ती तरुणपणीच गेली. मग राजाने दुसरी आणली, दूर दक्षिणेकडची, पोर्तुगालची. ती दिसायला सुंदर आणि मनाने काळी. तिने लोकांना पिळलं, म्हणून लोकांनी तिच्यावर वाईटसाईट गाणी रचली. लहानपणी इंगरआजी आणि तिच्या मैत्रिणी चांगल्या राणीच्या शिळेला वळसा घालून जायच्या आणि वाईट राणीच्या शिळेवर मुद्दाम चिखलाचे बूट घासायच्या. हे सांगताना ती हसली, मीही हसले. मला ती गोष्ट इतकी आवडली की मी ती तिच्याकडून चार-पाच वेळा तरी ऐकली असेल.

आई गेल्यावर दीड वर्षाने बाबा तीन आठवडे भारतात गेले आणि परत आले ते नीलामावशीला घेऊन. मला आधी सांगितलं होतं. म्हणजे फोनवर बाबा म्हणाले होते, "केतकी, आपल्याकडे आता एक मावशी राहायला येणार आहेत, म्हणजे... यू अंडरस्टँड ना, बेटा?" मला समजलं होतं. ती नागपूरची. तिचं आधी एक लग्न होऊन मोडलं होतं, हे मला बाबांकडून नाही, देवधरकाकूंच्या दिवाळीच्या जेवणात कळलं. देवधरकाकू म्हणजे आमच्या गावातल्या मराठी लोकांचं वर्तमानपत्र. त्यांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि नीलामावशी चार पावलांवर ताटं पुसत उभी असताना म्हणाल्या, "तुझी आई म्हणजे लक्ष्मी होती गं. इतकी मऊ बोलायची. असं माणूस परत नाही व्हायचं." बाकीच्या काकूंनी सुस्कारे टाकले. एकीने हळूच विचारलं, "ही कशी आहे?" आणि मी काही न बोलता खांदे उडवले. त्या खांदे उडवण्याचं केवढं कौतुक झालं! पोरगी किती समजूतदार आहे, तोंडातून ब्र काढत नाही. त्या दिवशी मला कळलं की गप्प राहूनही माणसाबद्दल खूप काही सांगता येतं.

ती संत नव्हती, हे इथेच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कोणाचा तसा समज व्हायचा. तिचा आवाज मोठा होता. भांडी आदळायची. नागपूरला फोन लावला की भिंतीपलीकडे इंगरआजीलाही ऐकू जाईल इतक्या जोरात, "हो जी, खूप थंडी पडून राहिली इथे," असं ओरडायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात फोनवरच ठेवून उभी राहायची. आई कोथिंबीर म्हणायची, ही सांभार म्हणायची. आईची आमटी आमसूल-गुळाची, हिची भाजी लालभडक, तेलाचा तवंग आलेली. रविवारी ती वडाभात करायची. डाळीचे वडे तळून, भातावर कुस्करून, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. आज मला विचाराल तर जगात त्याहून चांगलं काही नाही. तेव्हा मी ताट सरकवून म्हणायचे, "आय ॲम नॉट हंग्री."

"काऊन नाही? सकाळपासून काय खाल्लं तू?"

"आय सेड आय ॲम नॉट हंग्री."

"मराठीत बोल. मी काय भिंतीशी बोलून राहिली का?"

बाबा मध्ये पडायचे. "केतकी, प्लीज. ती ट्राय करतेय ना." आणि तिला म्हणायचे, "नीला, जरा टाइम दे तिला." दोघींनाही त्यांनी आपली बाजू घेतली असं कधी वाटलं नाही. बाबा भांडणाला भिणारे. जेवण अर्धवट सोडून ते गॅरेजमध्ये जाऊन बर्फ उकरायच्या फावड्याला तेल लावत बसायचे.

तळघरात आमचा एक आडवा फ्रीझर होता. त्याच्या तळाशी, मटारच्या पिशव्यांखाली, एक पांढरा डबा होता. झाकणावर कागदी पट्टी आणि पट्टीवर आईच्या अक्षरात एक शब्द. मला मराठी वाचता येत नव्हतं. मी तीन वर्षांची असताना आम्ही इथे आलो, घरात बोलायचे तेवढंच. पण तो शब्द 'पुरण' आहे हे मला ठाऊक होतं, कारण आईने तो माझ्यासमोर लिहिला होता. माझ्या वाढदिवसाला पोळ्या करायच्या म्हणून तिने पुरण शिजवून ठेवलं, आणि वाढदिवसाच्या आधीच ती हॉस्पिटलमध्ये गेली ती परत आली नाही. महिन्यातून एकदा मी खाली जायचे, डबा वर काढायचे, पट्टीवरचा बर्फ अंगठ्याने पुसायचे आणि परत खाली पुरून ठेवायचे. बाबांनाही हे माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत एकदा शाळेतून आले तर फ्रीझर उघडा, रिकामा, आतला बर्फ वितळवून लख्ख पुसलेला. नीलामावशी पदर खोचून पायऱ्यांवर बसली होती, दमलेली, पण खुशीत. "पाह्य, किती घाण होती आत. दोन दोन वर्षांच्या वस्तू." कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. मी तरी बाहेर पळाले, कोट न घालता, आणि रिकाम्या पिंपात वाकून पाहिलं. ती माझ्या मागे दारापर्यंत आली. काय हरवलं ते मी इंग्रजीत किंचाळून सांगितलं. तिला आधी शब्द कळले नाहीत आणि मग कळले. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला. पण दुसऱ्याच क्षणी ती म्हणाली, "मला कसं कळणार, बाप्पा? या घरात मला कोणी काही सांगतं का?" ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला.

त्यानंतर मी घरात जेवायचं सोडलं. दुपारी इंगरआजीचा पाव, शाळेत एखादं सफरचंद, एवढ्यावर राहायचे. जीन्स कमरेवरून उतरायला लागली. नीलामावशी रोज ताट वाढायची, तासाभराने उचलायची, आणि उचलताना रोज थोडी जास्त जोरात आदळायची. एकदा ती बाबांवर ओरडली, "मी काय हिची मोलकरीण आहे?" मी जिन्यावर बसून ऐकत होते. मला बरं वाटलं.

त्याच सुमाराला इतिहासाच्या बाईंनी, मिस टर्नर त्यांचं नाव, प्रत्येकाला एक ऐतिहासिक जागा निवडून तिच्यावर लिहायला सांगितलं. शेवटच्या भागात त्या जागेचा तुमच्या आयुष्याशी काय संबंध, तेही लिहायचं होतं. मी रिंगस्टेड घेतलं. इंगरआजीने पुस्तकातला मजकूर मला वाचून, इंग्रजीत करून सांगितला. ती छोटे गोल पाव भाजत होती, मी ट्रे बाहेर काढायला गेले आणि मनगटाची आतली बाजू ओव्हनच्या कडेला टेकली. लांबट, लाल फोड आला. तिने नळाखाली हात धरायला लावला आणि फोड फुटेपर्यंत रोज विचारत राहिली. निबंधाचा पहिला भाग चांगलाच झाला होता. विटा, कमानी, शिळांची ओळ, राजा, दोन राण्या. शेवटच्या भागात मी लिहिलं की आमच्या घरातही दोन राण्या आहेत. पहिली गेली. दुसरी फ्रिजला कुलूप लावते. दुसरी मला जेवायला देत नाही. तिने माझ्या आईची प्रत्येक वस्तू फेकून दिली. आमच्या फ्रिजला कुलूप नव्हतं. आईच्या साड्या कपाटात होत्या तशाच होत्या, नीलामावशीने त्यांना हातही लावला नव्हता. मी हे सगळं एका बैठकीत लिहिलं आणि लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. आज इतक्या वर्षांनी त्या मुलीची कीव करायला मी तयार आहे, पण तिला माहीत नव्हतं असं मात्र मी म्हणू शकत नाही.

मिस टर्नरनी मला तास संपल्यावर थांबवून घेतलं. दार लावलं. माझ्यासमोरच्या बाकावर त्या वळून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "केतकी, यातलं शेवटचं पान... हे खरं आहे का?" मी बाहीशी चाळा करत राहिले. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. फोड फुटून तिथे आता गुलाबी पट्टा होता. "हे तिने केलं?"

मी मान हलवली. हो अशी.

त्या एका हालचालीला किती वेळ लागला असेल? पापणी मिटायला लागतो तेवढा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी माझ्यासाठी रडतंय हे मला इतकं गोड वाटलं की मी परत एकदा मान हलवली.

इथल्या शाळेतल्या शिक्षकांना अशी गोष्ट कळली की ती सरकारी खात्याला कळवावीच लागते, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात एक करडी गाडी उभी होती. बाबा त्या वेळी घरी. त्यांना मी दिवसाउजेडी घरी पाहिलंच नव्हतं कधी. ते बैठकीच्या खोलीत उभे होते, कोट अंगावर तसाच, आणि हातात सगळ्यांचे पासपोर्ट. ते कोणी मागितले नव्हते. आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. नीलामावशी त्यांच्या व्हिसावर आलेली. एखादा पोलिसांचा कागद झाला तर काय होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "काय सांगितलंस तू, बेटा?"

खात्याकडून आलेल्या बाईंचं नाव डेनीस. उंच, शांत, पायांत बर्फात घालायचे बूट, ते काढून नुसत्या मोज्यांवर आमच्या घरात फिरल्या. आधी माझ्या खोलीत माझ्याशी बोलल्या. त्यांनी काहीही विचारलं की मी गालिच्याकडे पाहत राहायचे. "बोलायचं नसलं तर ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि खाली गेल्या. मी जमिनीवर बसले, भट्टीच्या गरम हवेची जाळी असते तिच्याजवळ. त्या जाळीतून स्वयंपाकघरातलं सगळं वर ऐकू यायचं.

नीलामावशीचं इंग्रजी तेव्हा तोडकंमोडकं होतं. डेनीस बाईंनी बाबांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, त्यामुळे मदतीला कोणी नव्हतं. आधी फ्रिजबद्दल विचारलं. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. मग मनगटाबद्दल विचारलं. "बर्न?" नीलामावशी म्हणाली. "व्हॉट बर्न? शी हॅज बर्न?" तिच्या आवाजात भीती होती, पण स्वतःची नव्हती. कुठे भाजलं, किती भाजलं, मला का दाखवलं नाही, असं काहीतरी ती अर्धं मराठीत बोलायला लागली. डेनीस बाईंनी तिला थांबवून विचारलं, "ही मुलगी खोटं बोलते का? याआधी कधी बोलली आहे का?"

मी जाळीवर वाकले. आता ती सांगणार होती. सरकवलेली ताटं, बंद केलेली दारं, तोंडावर मारलेली इंग्रजी वाक्यं. सांगायचा तिला पूर्ण हक्क होता, आणि सांगितलं असतं तर ती सुटलीही असती.

"नो," ती म्हणाली. "शी इज नॉट लायर. शी इज..." शब्द सापडेना. "शी इज थिन. दॅट इज माय फॉल्ट. आय कुक, शी नॉट ईट. मदर शुड मेक चाइल्ड ईट. आय कान्ट."

मी जिना कशी उतरले आठवत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी म्हटलं की मी खोटं बोलले. फ्रिजला कुलूप नाही, मला जेवायला मिळतं, मीच जेवत नाही. हात शेजारी भाजला. डेनीस बाईंनी मला खाली बसवलं आणि सगळं पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं, मग पुन्हा एकदा. त्यांना वाटलं असणार की मी घाबरून फिरतेय. शेवटी त्या शेजारी गेल्या. इंगरआजीने त्यांना ओव्हन दाखवला, ट्रे दाखवला, आणि मग आमच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर आली. ती आत आली नाही. उंबऱ्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

प्रकरण मिटलं, पण लगेच नाही. डेनीस बाई आणखी दोनदा येऊन गेल्या, मला शाळेत दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे बसावं लागलं, आणि बाबा कितीतरी आठवडे पोस्टाची पेटी उघडण्याआधी एक क्षण थांबायचे. देवधरकाकूंना कुठून कळलं कोण जाणे. त्यांचा फोन आला, मी उचलला, तर म्हणाल्या, "धूर निघाला म्हणजे कुठेतरी आग असणारच गं." मी सांगितलं की आग मीच लावली होती. त्यावर त्या म्हणाल्या, "तुला असं बोलायला तिनेच शिकवलं असेल." मी कितीही सांगितलं तरी गावातल्या निम्म्या बायकांनी माझ्या पहिल्या गोष्टीवरच विश्वास ठेवला. आजही ठेवतात. मागच्याच वर्षी, मी आता राहते त्या हर्नडनला, एका लग्नात कोणीतरी मला बाजूला घेऊन म्हणालं, "लहानपणी किती सोसलंस तू."

नीलामावशी माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. ताट वाढायची, आता आदळायचीही नाही. मी खायला लागले होते, पण ती बघायला थांबायची नाही. बाबांनी मला रागावलं नाही, तिला समजावलं नाही. एकदाच म्हणाले, "शी वॉन्ट्स टू गो बॅक, केतकी." नागपूरला. तिकिटाची चौकशी झाली होती.

दहाव्या दिवशी मी इंगरआजीकडे गेले. इतके दिवस धीर झाला नव्हता. तिने पाव कापला, लोणी लावलं, आणि समोर बसली. "तुला मी अर्धीच गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "आम्हाला लहानपणी जेवढी माहीत होती तेवढी." मग तिने सांगितलं की पुढे कधीतरी त्या शिळा उचलून खालच्या कबरी उघडून पाहिल्या गेल्या. ज्या राणीला सगळे शिव्या देत होते तिच्या कबरीत काय होतं? नाजूक हाडं आणि एक जाड वेणी. तीही पहिलीसारखीच तरुण गेलेली. तिने लोकांना पिळलं याला, शिकलेले लोक म्हणतात, गाण्यांपलीकडे पुरावा सापडत नाही. "गाणी कोणी केली, माहीत नाही. तिने काय केलं, माहीत नाही. आणि मी सात वर्षांची असताना तिच्यावर बूट घासत होते." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं नाही, फडताळात ठेवून दिलं. पुष्कळ वर्षांनी, इंगरआजी गेल्यावर, मी कामासाठी कोपनहेगनला गेले होते तेव्हा ट्रेन पकडून रिंगस्टेडला जाऊन आले. शिळा मी कल्पना केली होती त्याहून साध्या निघाल्या. शाळेतल्या मुलांचा एक घोळका आला होता, आणि मुलं सगळ्याच राजाराण्यांवरून सारखीच धावत गेली.

त्या दहाव्या दिवशी संध्याकाळी इंगरआजीकडून घरी आले तेव्हा नीलामावशी टेबलाशी मेथी निवडत बसली होती. मी वर जायला निघाले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते कागद कुठे आहेत?"

"कोणते?"

"माझ्याबद्दल लिहिलेले. सगळ्यांनी वाचले. त्या बाईंनी वाचले, तुझ्या बाबांनी वाचले. मला कोणी वाचून दाखवलं नाही. आण."

मिस टर्नरनी निबंध परत केला होता, नव्याने लिहायला. मी आणला. समोर बसले. "मराठीत वाच," ती म्हणाली. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. विटा, कमानी. जिथे अडले तिथे ती शब्द द्यायची. 'वेदी' तिने दिला, 'शिळा' तिने दिला. तोपर्यंत मी 'दगडाचं फ्लोअर' म्हणत होते. ती ऐकत होती, हात मेथीवर चालत होते. मग दुसरी राणी आली आणि मी थांबले.

"क्रूएलला काय म्हणतात?"

तिने हातातली काडी खाली ठेवली. "निर्दयी. नाहीतर दुष्ट. तुला कोणता पाहिजे?"

मी त्या शब्दावर बोट ठेवून पाहत राहिले. "वाच," ती म्हणाली. मी 'दुष्ट' वाचलं. मग शेवटचं पान, सगळं, कुलूप, जेवण, आईच्या वस्तू. तिने खाली ठेवलेली काडी पुन्हा उचलली नाही. संपल्यावर स्वयंपाकघरात फक्त भट्टीचा आवाज होता. मी सॉरी म्हटलं. आधी इंग्रजीत, मग मराठीतही तोच शब्द. तिने त्यावर काही उत्तर दिलं नाही. ते तिने आजपर्यंत दिलेलं नाही, आणि मीही परत मागितलेलं नाही. तिने वेगळंच विचारलं.

"त्या दुसरीचं माहेर कुठलं म्हणाली तू?"

"पोर्तुगाल."

"तिकडून कोणी आलं होतं का तिला पाहायला? मेल्यावर नाही. आधी."

"माहीत नाही."

"पुस्तकात नाही?"

"आय डोंट नो. इंगरआजीलाही नाही माहीत. कोणालाच नाही माहीत."

"मग तेवढंच लिही," ती म्हणाली. "जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहायचं." तिने निबंधाचं शेवटचं पान उलटं केलं, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या, गोल अक्षरांत दोन शब्द लिहिले. मग पेन्सिल परत माझ्या हातात देऊन पान माझ्यापुढे सरकवलं. मला मराठी लिहायला कोणी शिकवलं नव्हतं. मी तिची अक्षरं पाहून पाहून खाली काढली, चित्र काढावं तशी. ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातांना मेथीचा कडसर वास येत होता.

"ही दीर्घ आहे," ती म्हणाली, "वेलांटी दुसऱ्या बाजूने दे." मी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. माहीत नाही.